कॉलबॅकच्या पानावर नेमकं काय लिहायला हवं?

रिकामी_ओळ (धागाकर्ती)

एका छोट्या मुक्तस्रोत लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन सध्या माझ्या गळ्यात पडलंय. कोड लिहिणारे आहेत, कागदपत्रं लिहायला कुणी तयार नव्हतं, म्हणून मी हात वर केला. बाकीची पानं मार्गी लागतायत. कॉलबॅक (आपण लिहून दुसऱ्या फंक्शनला द्यायचं आणि त्याने चालवायचं फंक्शन) घेणारं फंक्शन आलं की मात्र घोडं अडतं.

आमच्याकडे 'वॉच' नावाचं फंक्शन आहे. फोल्डरचा पाथ द्यायचा, एक कॉलबॅक द्यायचा, फोल्डरात काही बदललं की तो चालतो. त्याच्या पानावर आजमितीला एवढंच आहे:

"पाथ: ज्या फोल्डरवर लक्ष ठेवायचं तो. कॉलबॅक: बदल झाल्यावर चालवायचं फंक्शन."

दुसऱ्या वाक्यात खोटं काही नाही. पण ते वाचून कुणाला कोडची एक ओळ तरी लिहिता येईल का? त्या फंक्शनला काय मिळतं, त्याने परत काय द्यायचं, ते कितीदा चालतं, त्यात एरर आली तर काय होतं? इश्यू ट्रॅकरवर येणारे निम्मेअधिक प्रश्न याच ओळीपाशी येऊन थांबतात.

विचार करून माझं असं मत झालंय: साध्या फंक्शनचं पान वाचणारा माणूस ते फंक्शन वापरणार असतो. कॉलबॅकची ओळ वाचणारा माणूस ते फंक्शन लिहिणार असतो आणि वापरणार आपण असतो. भूमिका उलट्या झाल्या तरी पॅरामीटरचा तोच एका ओळीचा तक्ता आपण तसाच चालवतो.

तुम्हाला कुठल्या भाषेच्या किंवा लायब्ररीच्या पानावर सगळं जागच्या जागी सापडलं? आणि कुठे डोकं आपटलंत? दोन्ही सांगा.

अर्धविराम

वाचनखूण साठवली. जावास्क्रिप्टचा नमुना देतो.

ॲरेत (घटकांच्या यादीत) "१०" ही स्ट्रिंग तीनदा घाला आणि 'मॅप'ला (प्रत्येक घटकावर कॉलबॅक चालवणारं) थेट 'पार्सइंट' (मजकुराची संख्या करणारं) द्या. उत्तर येतं १०, नॅन (म्हणजे 'संख्या नाही'), २. मजकूर एकच, उत्तरं तीन! 'मॅप' कॉलबॅकला घटक, इंडेक्स आणि अख्खा ॲरे अशा तीन गोष्टी देतो. 'पार्सइंट' त्यातल्या पहिल्या दोन उचलतो आणि इंडेक्सला संख्येचा पाया समजतो. पाया ० असला तर इथे १० धरला जातो, पाया १ चालत नाही, आणि पाया २ म्हटल्यावर "१०" म्हणजे दोन. दोन्ही फंक्शन्सची पानं आपापल्या जागी बिनचूक आहेत. घोटाळा दोन पानांच्या मधल्या जागेत आहे, आणि ती जागा कुणाच्याच वाट्याला आलेली नाही.

नलपॉइंटर

'मॅप'च्या पानावर तिन्ही आर्ग्युमेंट्स लिहिलेली आहेत. एमडीएनवर (जावास्क्रिप्टच्या संदर्भ-संकेतस्थळावर) 'पार्सइंट'चं हे प्रकरणसुद्धा खाली दिलंय. लोक वाचत नाहीत त्याला पान काय करणार?

अर्धविराम

@नलपॉइंटर आर्ग्युमेंट्स वर आहेत, त्यांचा परिणाम पार खाली उदाहरणांत. 'तुमच्या फंक्शनने जास्तीची आर्ग्युमेंट्स घेतली तर तीही भरली जातील' हे एक वाक्य यादीला चिकटून असतं तर खालपर्यंत जायची वेळच आली नसती. वाचत नाहीत म्हणून सोडून देणार असाल तर हा धागाच बंद करू या.

नलपॉइंटर

बंद कशाला, आत्ताच तर रंगतोय. :)

नवशिका

मी शिकतोय, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

मला आर्ग्युमेंट्सच्या आधीच अडायला झालं होतं. 'सेटटाइमआउट'ला (ठरावीक वेळाने फंक्शन चालवणारं) फंक्शनचं नाव देताना पुढे कंस लावायचा की नाही? कंस लावला तर फंक्शन लगेच चालतं आणि जे परत येतं तेच टायमरला जातं, हे आता माहीत झालंय. पण मी वाचलेल्या पानांवर बहुतेक उदाहरणांत कॉलबॅक जागच्या जागी लिहिलेला होता, बाणवाला. नाव असलेलं, आधीच लिहून ठेवलेलं फंक्शन कसं द्यायचं ते क्वचितच दिसलं.

आणि दुसरं: माझ्या फंक्शनच्या कंसात मी 'इंडेक्स' लिहिलं, तर त्यात आकडा कोण भरतं? मी तर ते फंक्शन कुठेच बोलावलेलं नाही! तुम्हा सगळ्यांना हे इतकं सरावाचं झालंय की कुणी लिहीतच नाही.

रिकामी_ओळ

@नवशिका बाळबोध कसला, हा तर पहिला प्रश्न असायला हवा. नावाच्या फंक्शनचं एक आणि जागच्या जागी लिहिलेलं एक, अशी दोन उदाहरणं प्रत्येक पानावर. टिपून घेतलं.

शेवटचाकंस

नवशिक्यांसाठी उपमा द्या की. दुकानदाराकडे फोन नंबर ठेवून यायचा, माल आला की तो फोन करेल. झाला कॉलबॅक. एका ओळीत काम फत्ते.

जुनाखोंड

@शेवटचाकंस ही उपमा ऐकून ऐकून कान किटले. तिने 'कॉलबॅक म्हणजे काय' ते कळतं, 'हा कॉलबॅक कसा लिहू' ते कळत नाही. शिवाय ती दिशाभूल करते. फोन नंतर कधीतरी येतो, म्हणून माणूस धरून चालतो की कॉलबॅक नंतरच चालणार. 'मॅप'चा, 'सॉर्ट'चा कॉलबॅक तिथल्या तिथे चालतो आणि तो संपल्याशिवाय पुढची ओळ येत नाही. 'सेटटाइमआउट'चा नंतर चालतो. दोघांनाही आपण कॉलबॅकच म्हणतो. पानावर हा फरक पहिल्या वाक्यात हवा.

आता सीबद्दल. 'क्यूसॉर्ट' या क्रम लावणाऱ्या फंक्शनला तुलना करणारं फंक्शन द्यावं लागतं. पहिला लहान तर ऋण, सारखे तर शून्य, मोठा तर धन परत द्यायचं. हे सगळे वाचतात आणि लगेच 'अ वजा ब' लिहून मोकळे होतात. अ उणे दोनशे कोटी आणि ब अधिक दोनशे कोटी असेल तर वजाबाकी उणे चारशे कोटी. ३२ बिटांच्या इंटमध्ये ती मावत नाही. सीच्या नियमाने हे अनिर्धारित वर्तन, प्रत्यक्षात बहुधा २९,४९,६७,२९६ हातात पडतं. म्हणजे धन. लहान संख्या मोठी ठरली, आणि तेही फक्त टोकाच्या डेटावर, म्हणजे टेस्टमध्ये कधीच नाही.

तुलना सुसंगत हवी हाही नियम आहे. अ पेक्षा ब मोठा, ब पेक्षा क मोठा, तर क पेक्षा अ मोठा निघता कामा नये. कुणी म्हणेल, मोडला नियम तर फार तर क्रम चुकेल. जानेवारी २०२४ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीने जाहीर केलं की ग्लिबसीच्या (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीच्या) 'क्यूसॉर्ट'ला अशी विसंगत तुलना दिली आणि आतल्या कामासाठी मेमरी मिळाली नाही, तर ते ॲरेच्या हद्दीबाहेर जाऊ शकतं. म्हणून नियम लिहिला की तो मोडल्यावर काय होतं तेही लिहा. नुसतं 'असं करावं' लिहिलं की लोक ते सुविचारासारखं वाचून पुढे जातात.

'क्यूसॉर्ट_आर'ची गंमत तर विचारूच नका. तुलनेला सोबत आपला डेटा देता यावा म्हणून ते आलं. ग्लिबसीने तो पॉइंटर कॉलबॅकला शेवटी दिला, बीएसडी या युनिक्स घराण्यातल्या प्रणालींनी सुरुवातीला. नाव तेच, क्रम उलटा.

आळशी_इटरेटर

जुनाखोंड यांचा प्रतिसाद म्हणजे स्वतंत्र धागा आहे. सवडीने वाचतो.

(अवांतर: जावात तुलनेचा नियम मोडला तर 'सॉर्ट' कधीकधी चक्क सांगतं की तुमच्या तुलनेच्या मेथडने तिचा सर्वसाधारण करार मोडलाय. जावा ७ पासून. वकिलाची नोटीस आल्यासारखं वाटतं.)

नलपॉइंटर

@आळशी_इटरेटर 'कधीकधी' हा शब्द मोलाचा आहे. नोटीस येईलच याची खात्री नाही, करार मात्र रोज मोडतोय.

गंजलेला

तुम्ही सगळे गद्यात अडकलात. टाइप्स नीट असतील तर यातलं निम्मं लिहायची गरजच नाही. रस्ट भाषेत कॉलबॅक 'एफएनवन्स' असेल तर तो फार तर एकदाच चालणार. 'एफएनम्यूट' असेल तर अनेकदा चालेल आणि आपली अवस्था बदलू शकेल. सोबत 'सेंड' मागितलं असेल तर तो दुसऱ्या थ्रेडवर (प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर) जाऊ शकतो. सगळं सिग्नेचरमध्ये (फंक्शनच्या घोषणेत), आणि कंपायलर तपासतो. गद्य शिळं होतं, टाइप होत नाही.

अर्धविराम

@गंजलेला रस्टपुरतं मान्य. टाइपस्क्रिप्टमध्ये या. 'फॉरइच'च्या कॉलबॅकचा परतीचा टाइप 'व्हॉइड'. म्हणजे तुम्ही काहीही परत द्या, ते सोडून दिलं जाईल. त्यात असिंक (काम नंतर पूर्ण करणारं) फंक्शनही बसतं आणि कंपायलर हूं की चूं करत नाही. त्यातून आलेला प्रॉमिस (निकाल नंतर मिळेल याची हमी) हवेत विरतो, 'फॉरइच' कुणाचीच वाट न बघता पुढे जातो आणि खालच्या ओळीत 'सगळं सेव्ह झालं' असा मेसेज छापला जातो. टाइप बरोबर, प्रोग्राम चूक. 'परत आलेल्या प्रॉमिससाठी थांबत नाही' हे गद्यातच लिहावं लागतं.

गंजलेला

तो त्या भाषेचा दोष.

अर्धविराम

धागा भाषेच्या दोषांवर नाही, पानांवर आहे. ह.घ्या.

पीएचपीग्रस्त

आमच्याकडेही (पीएचपीत) या. 'ॲरे_मॅप'मध्ये कॉलबॅक आधी, ॲरे नंतर. 'ॲरे_फिल्टर'मध्ये ॲरे आधी, कॉलबॅक नंतर. 'ॲरे_फिल्टर'ला एक मोड देता येतो, ५.६ पासून. काहीच दिलं नाही तर कॉलबॅकला फक्त किंमत मिळते, एका मोडमध्ये फक्त 'की' (घटकाची ओळखखूण), तिसऱ्यात दोन्ही. आणि दोन्ही म्हणजे आधी किंमत, मग 'की'. एकाच फंक्शनचा कॉलबॅक तीन तऱ्हेने चालतो. अशा ठिकाणी पानावर तिन्ही सिग्नेचर्स स्वतंत्र छापावीत, 'मोडनुसार आर्ग्युमेंट्स बदलतात' यावर भागवू नये.

जास्तीच्या आर्ग्युमेंट्सची आणखी एक गोम. तुम्ही लिहिलेल्या फंक्शनला एखादं आर्ग्युमेंट जास्त आलं तर पीएचपी मुकाट्याने सोडून देतं. 'स्ट्रलेन'सारख्या अंगभूत फंक्शनला जास्त आलं तर पीएचपी ८ थेट एरर फेकतं. कॉलबॅक म्हणून दोन्ही देता येतात, वागणूक मात्र वेगळी.

तरी आमच्या मॅन्युअलची एक गोष्ट इतरांनी उचलावी अशी आहे: पानाखाली वाचकांच्या नोंदी. पुष्कळदा खरं उत्तर तिथेच असतं. धागाकर्तीबाई, तुमचा ट्रॅकर चाळा, एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी आला असेल तर ते वाक्य पानावर हवं होतं असं समजा.

तळटीप

मूळ प्रश्न 'सगळं कुठे सापडलं' असाही होता, त्याचं उत्तर कुणीच देत नाहीये. माझं मत लिबकर्लला (इंटरनेटवरून डेटाची ने-आण करणारी लायब्ररी). त्यात आलेला डेटा घेणाऱ्या कॉलबॅकला स्वतःचं वेगळं पान आहे, मोठ्या तक्त्यातली ओळ नव्हे. काय काय आहे पाहा:

डेटा तुकड्यातुकड्यांनी येईल, कधी एक बाइट, कधी हजारो, काही गृहीत धरू नका. त्याच्या शेवटी शून्य बाइट नसतो, म्हणून स्ट्रिंग समजून छापू नका. 'साइझ' नेहमी १ असतो, खरी लांबी 'एनमेंब'मध्ये. जेवढे बाइट्स हाताळलेत तेवढा आकडा परत द्या. वेगळा आकडा आला की ती चूक धरली जाते आणि ट्रान्सफर तिथेच तुटते. रिकामी फाइल असेल तर शून्य बाइट्स घेऊनही कॉलबॅक येऊ शकतो.

हे वाचलं की कोड आपोआप सुचतो. कॉलबॅकच्या आतून लिबकर्लचं नको ते फंक्शन बोलावलं तर त्यासाठी वेगळा एरर कोडसुद्धा आहे, ९३. म्हणजे आतून काय बोलवायचं नाही याचाही विचार झालाय.

जुनाखोंड

@तळटीप वेगळ्या पानाच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. गो भाषेतही 'वॉकडिर'ला (फोल्डरांमधून फिरणारं फंक्शन) द्यायच्या फंक्शनच्या टाइपला नाव आहे, 'वॉकडिरफंक', आणि एरर आल्यावर काय करायचं, 'स्किपडिर' परत दिलं तर काय होतं, हे सगळं त्या नावाखाली लिहिलंय. नाव दिलं की लिहायला जागा मिळते.

कोअरमधला

मी अशाच एका (दुसऱ्या) लायब्ररीचा मेंटेनर आहे. पलीकडची बाजूही ऐका. आम्ही हे सगळं लिहीत नाही त्याला आळस हे एक कारण आहेच. दुसरं कारण असं की लिहिलं की ते वचन होतं. आज आमचा कॉलबॅक एका थ्रेडवर चालतो. तसं पानावर टाकलं की उद्या चार थ्रेड करायची सोय गेली. क्रमाचं तेच. लोक मग त्या वाक्यावर इमारत बांधतात, आणि आम्ही ते बदललं की 'तुम्हीच तर लिहिलं होतं' म्हणून ट्रॅकरवर मोर्चा.

तळटीप

@कोअरमधला न लिहून इमारत बांधायची थांबते थोडीच? लोक प्रोग्राम चालवून बघतात, क्रम दिसतो, त्यावरच बांधतात. मोर्चा यायचा तो येतोच, फक्त फलकावरचा मजकूर बदलतो. गोने मॅपमधून (इथे 'की' आणि किंमत अशा जोड्यांचा साठा) फिरण्याचा क्रम मुद्दाम बदलता ठेवलाय, कुणी विसंबू नये म्हणून. तेवढं जमत नसेल तर 'क्रम ठरलेला नाही, विसंबू नका' एवढं तरी लिहा. वचन देत नाही हे लिहूनच सांगता येतं.

पायथनच्या 'फ्यूचर'वरच्या (अजून न संपलेल्या कामाच्या निकालाची जागा) 'ॲड_डन_कॉलबॅक'चं पान वाचा. कॉलबॅक ज्या क्रमाने जोडले त्या क्रमाने चालतील. ज्या प्रोसेसने जोडले तिच्याच एखाद्या थ्रेडवर चालतील. कुठल्या थ्रेडवर, ते मोकळं ठेवलंय. साधं एक्सेप्शन आलं तर लॉग करून सोडून देणार, 'बेसएक्सेप्शन' जातीचं दुसरं काही आलं तर वर्तन अनिर्धारित. काम आधीच संपलं असेल तर कॉलबॅक लगेच चालेल. परिच्छेद छोटासाच, पण कुठे वचन आहे आणि कुठे नाही ते स्वच्छ कळतं.

कोअरमधला

हं. 'अनिर्धारित' असं छापायला आम्ही लाजतो, हे खरं आहे.

शेवटचाकंस

आता डॉक्युमेंटेशन वाचतंय कोण? एआयला विचारायचं, तो कोड लिहून देतो.

नलपॉइंटर

@शेवटचाकंस आणि तो कुठून शिकतो? पानावर नसेल तर तोही ठोकून देतो. तुझ्या उपमेसकट.

पीएचपीग्रस्त

=)) नलपॉइंटरशी पहिल्यांदाच सहमत.

आळशी_इटरेटर

सवडीने वाचलं. धागाकर्तीच्या 'वॉच'कडे वळायचं तर नोडच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीच्या) 'एफएस.वॉच'चं पान समोर ठेवा, विषय तोच आहे. सगळ्या प्लॅटफॉर्मवर वागणूक सारखी नाही हे तिथे सरळ कबूल केलंय. कॉलबॅकला फाइलचं नाव मिळेलच असं नाही, ते 'नल' (रिकामं) असू शकतं, त्याची सोय ठेवा, असंही लिहिलंय.

त्याच नोडमध्ये 'एफएस.एक्झिस्ट्स' (फाइल आहे का ते तपासणारं) आहे. बाकी बहुतेक कॉलबॅक पहिलं आर्ग्युमेंट एररचं घेतात, याला मात्र थेट खरं-खोटं मिळतं. म्हणजे फाइल सापडली की नेहमीच्या सवयीने लिहिलेला कोड तिलाच एरर समजणार. पानावर ही विसंगती नोंदवलीय आणि ते फंक्शन वापरू नका असंही सांगितलंय. लिहून भागत नाही तेव्हा फंक्शनच बदलावं लागतं.

आणि एक, अनुभवाचा: एडिटरमध्ये एकदा सेव्ह दाबलं तरी 'वॉच'चा कॉलबॅक दोन-तीनदा येतो. बरेच एडिटर आधी तात्पुरती फाइल लिहितात आणि मग तिचं नाव बदलतात. हे तुमच्या पानावर नसेल तर 'कॉलबॅक दोनदा येतो' नावाचा इश्यू दर आठवड्याला बंद करत बसाल.

रिकामी_ओळ

@आळशी_इटरेटर तो इश्यू आत्ता उघडाच आहे, एकाहून जास्त नावांनी.

सगळ्यांचं वाचून, आणि कोड लिहिणाऱ्यांना छळून, हा मसुदा केलाय. फाडा.

"कॉलबॅक: हे फंक्शन तुम्ही लिहायचं, लायब्ररी ते बोलावेल. 'वॉच' लगेच परत येतं. कॉलबॅक नंतर, बदल दिसल्यावर चालतो. त्याला एकच आर्ग्युमेंट मिळतं, इव्हेंट, ज्यात पाथ आणि बदलाचा प्रकार असतो. पाथ रिकामा असू शकतो. तसं झालं तर फोल्डर स्वतः पुन्हा वाचा. परत दिलेली किंमत वापरली जात नाही, प्रॉमिस दिलात तर त्याच्यासाठी थांबलं जात नाही. एका सेव्हसाठी कॉलबॅक एकाहून जास्त वेळा येऊ शकतो. एका वेळी एकच कॉलबॅक चालतो, त्यामुळे तो रेंगाळला तर पुढचे इव्हेंट खोळंबतात. आत एरर फेकली गेली तर ती लॉगमध्ये जाते आणि लक्ष ठेवणं चालू राहतं. इव्हेंटचा क्रम ठरलेला नाही, त्यावर विसंबू नका."

खाली दोन उदाहरणं: एक नावाच्या फंक्शनचं (कंसाशिवाय!), एक जागच्या जागी लिहिलेलं.

नवशिका

पहिलं वाक्य वाचूनच बरं वाटलं. 'तुम्ही लिहायचं, लायब्ररी बोलावेल.' माझा 'आकडा कोण भरतं' हा प्रश्न सुटला असता.

गंजलेला

एवढं सगळं वाक्यांत? इव्हेंटच्या टाइपमध्ये पाथ ऐच्छिक करा, मग ते वाक्य कंपायलरच म्हणेल. बाकी ठीक. (हे माझ्याकडून कौतुक समजा.)

रिकामी_ओळ

@गंजलेला टाइप बदलायची विनंती टाकलीय. वाक्यही ठेवते, रिकामा आला तर करायचं काय ते टाइप सांगत नाही.

नलपॉइंटर

फाडा म्हणालात म्हणून. एका फोल्डरवर दोन कॉलबॅक लावलेत. पहिल्याने आतूनच दुसऱ्याचं 'वॉच' बंद केलं. त्याच इव्हेंटसाठी दुसरा चालणार की नाही?

रिकामी_ओळ

@नलपॉइंटर आत्ता चालवून पाहिलं. दुसरा चालतो, एकदा, आणि मग बंद होतो. कोडमध्ये इव्हेंट आला की कॉलबॅकच्या यादीची आधी प्रत काढली जाते आणि त्या प्रतीवरून फिरलं जातं, म्हणून. हे मुद्दाम केलंय का असं विचारलं, तर एक जण म्हणतो हो, दुसरा म्हणतो बग आहे.

कोअरमधला

म्हणजे आता पान लिहिणाऱ्या बाईंनी कोड लिहिणाऱ्यांत भांडण लावून दिलं. :) दोघांना एका इश्यूवर बसवा. निकाल लागेपर्यंत पानावर टाका: 'कॉलबॅकच्या आतून दुसरा कॉलबॅक काढला तर चालू इव्हेंटसाठी तो चालेल की नाही हे ठरलेलं नाही.'

रिकामी_ओळ

टाकलं. इश्यूही उघडला.